घरी एक फोन: परदेशातून स्वस्तात बोलण्याचा वसईचा इतिहास

 शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? ठीक.

आजचा विषय, परदेशात असताना फोन स्वस्तात कसा वापरावा. निमंत्रण वाचून एका स्नेह्यांनी विचारलं, ‘यात इतिहास कुठे आला? हे तर मोबाइलच्या दुकानदारानं सांगायचं.’ प्रश्न रास्त आहे. पण आपण पापडीत बसलो आहोत. स्टेशनकडून वसई गावाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, ज्या घरातलं एक तरी माणूस आखातात, जहाजावर, कॅनडात नाहीतर ऑस्ट्रेलियात आहे किंवा होतं, अशी घरं मोजायला घेतली तर मोजणारा दमेल. या घरांनी पैसे पाठवले, बंगले बांधले, मुलं शिकवली, हे आपण नेहमी बोलतो. ती माणसं घरच्यांशी बोलायची कशी, आणि त्या बोलण्याला काय पडायचं, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. आमचे थोरले काका जहाजावर होते. आजी गेली तेव्हा त्यांचं जहाज भर समुद्रात. तार कंपनीच्या एजंटाकडे गेली, एजंटाकडून पुढच्या बंदरावर. काकांना ती मिळाली तेव्हा आजीचं दफन होऊन, महिन्याची मिस्सासुद्धा झाली होती. पुढं काका निवृत्त होऊन घरी आले, पण फोनची घंटा वाजली की ते आधी दोन क्षण फोनकडे नुसते बघत बसायचे आणि मग उचलायचे. तेव्हा स्वस्त-महाग हा शब्द आपण वापरतो तो नुसता रुपयांपुरता नाही, हे ध्यानात असू द्या.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. परदेशातून घरी बोलण्याची किंमत अंतरावरून फारशी ठरलीच नाही. ती ठरली दोन देशांच्या वेशीवर जकात घ्यायला कोण बसलाय यावरून. तो बदलला की दर बदलला, आणि आपल्या माणसांच्या युक्त्याही बदलल्या.

सुरुवात तारेपासून करू. १८७० साली समुद्राखालून केबल टाकून मुंबई सुएझमार्गे लंडनला जोडली गेली. बोटीनं ज्या बातमीला आठवडे लागायचे ती काही तासांवर आली. पण कुणासाठी? कापसाच्या व्यापाऱ्यांसाठी आणि सरकारसाठी. तारेचे पैसे शब्दावर लागत, म्हणून व्यापाऱ्यांनी संकेतकोश छापून घेतले. एका शब्दात अख्खं वाक्य बसवायचं. ‘कमी शब्दांत घरचं सगळं कळवा’ ही पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांची सवय तिथं सुरू झाली.

पुढची दोन ठिकाणं आपल्या महाराष्ट्रातली आहेत आणि आपल्याला ती ठाऊक नसतात. १९२७ साली इंग्लंडशी बिनतारी संदेशांची सेवा सुरू झाली, तिचं प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीहून व्हायचं आणि संदेश उतरायचे दौंडला. दौंड म्हटलं की आपल्याला गाडीचं इंजिन बदलणं आठवतं! १९३३ मध्ये मुंबई-लंडन असं प्रत्यक्ष बोलणं सुरू झालं. आणि १९७१ साली जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ आर्वीला, उपग्रहाशी जोडणारं केंद्र उभं राहिलं. तमाशाच्या पंढरीशेजारी देशाचा परदेशी आवाज उतरायला लागला. स्वातंत्र्याच्या आसपास हा सगळा कारभार खाजगी कंपनीकडून सरकारकडे आला होता, आणि १९८६ साली त्याचं ‘विदेश संचार निगम’ झालं. वेशीवर आता एकच माणूस होता.

पण आर्वीचा उपग्रह वसईच्या घरापर्यंत कुठे पोचत होता? त्या काळी ट्रंक कॉल लावायचा तर आधी नोंदवायचा. ऑर्डिनरी नोंदवला की दिवसभर वाट बघा. अर्जंटला दुप्पट पैसे, आणि लायटनिंगला आठपट. म्हणजे आई अत्यवस्थ असेल तेव्हाच लायटनिंग. त्यात गल्लीत फोन असायचा एखाद्याच घरी. मग परदेशी जाणारा मुलगा वहीत शेजाऱ्यांचा नंबर लिहून न्यायचा आणि त्यापुढं ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरं. हल्लीच्या मुलांना ती कळत नाहीत. ‘पर्टिक्युलर पर्सन’, म्हणजे फोन यांचा, पण बोलावून द्यायचं त्यांना. आखातात सुट्टी शुक्रवारची, त्यामुळं फोन यायचा शुक्रवारी. इकडं शेजाऱ्यांच्या पडवीत आई, बायको, पोरं तास-तास बसून. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागं, कुवेतचं अडीच तास, हा हिशेब भूगोल न शिकलेल्या आजीलाही पाठ होता. फोन लागला की काय बोलायचं? ‘बरं आहे ना? पैसे मिळाले ना? ठेवतो.’ शेजाऱ्यांच्या बैठकीत, चार माणसांदेखत, बायको नवऱ्याला आणखी काय सांगणार? महाग दरानं आणि पी. पी. फोननं मिळून एका पिढीच्या संसाराचं बोलणंच खाऊन टाकलं, असं आम्हाला वाटतं. हे अतिशयोक्तीचं वाटलं तर घरी जाऊन एखाद्या सत्तरीच्या बाईंना विचारून बघा.

खरं बोलणं व्हायचं ते कॅसेटवर. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, आखातात बांधकामं निघाली, आणि आपल्याकडची माणसं तिकडं गेली. सुट्टीवर येणारा प्रत्येक जण टू-इन-वन घेऊन यायचा, तो नुसत्या गाण्यांसाठी नव्हे. साठ मिनिटांची कॅसेट भरून बोलायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेतून पाठवायची. मिनिटाला पैसे नाहीत, ऐकणारे शेजारी नाहीत. केरळात, गोव्यातही हे चालायचं. फोन करायचा तो फक्त ‘कॅसेट पाठवलीय अमक्याबरोबर’ एवढं सांगायला.

आणि फोन अजिबात लागेनासा झाला तर काय होतं, ते २ ऑगस्ट १९९० ला कळलं. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि तिथले बाहेरचे फोन बंद पडले. आमच्या भागातल्या काही घरांतली माणसं तिथं होती. नाव नाही, निरोप नाही. पुढं एअर इंडियानं अम्मानहून जवळजवळ दोन महिने विमानं चालवली, ४८८ फेऱ्या, आणि एक लाख सत्तर हजारांच्या वर माणसं परत आणली. आकडा सगळ्यांना माहीत असतो. पण इथं घरी बसलेल्यांनी ते दिवस कसे काढले? मुंबईला विमानतळावर जाऊन उतरणाऱ्यांना विचारायचं, ‘आमचा दिसला का?’ फोनच्या दरावरून कुरकुरणारी घरं त्यानंतर बराच काळ कुरकुरली नाहीत.

आता पिवळ्या पाटीचा काळ. एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवण्याची सोय १९७६ मध्येच झाली होती, पण ती सामान्य माणसाच्या हाताशी आणली या बूथनी, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. काचेची केबिन, आत पंखा नसलेला उकाडा, आणि डोळ्यांसमोर लाल आकडे पळतायत. बोलणाऱ्याचं लक्ष समोरच्याकडे नसायचंच, आकड्यांकडे असायचं. गंमत बघा, वसईकराला तर मुंबईशी बोलायलाही कोड लागायचा. खाडीच्या पलीकडे भाईंदरला शून्य दोन दोन, अलीकडे नायगावपासून शून्य दोन पाच शून्य. मधे एक पूल. तरी मीटर वेगळं. किंमत अंतरावरून ठरत नाही असं आम्ही म्हणालो, त्याचा घरचा पुरावा हा.

मग ती ठरत कशी होती? हे जरा नीट समजून घेऊ, कारण रोमिंगचं सगळं गणित इथंच दडलेलं आहे. दुबईहून कुणी वसईला फोन लावला की तिथली कंपनी गिऱ्हाइकाकडून पैसे घेई आणि त्यातला ठरलेला वाटा भारताला देई, कारण शेवटच्या टप्प्यात कॉल पोचवायचं काम आपलं. आपल्याकडून तिकडं जाणारे फोन थोडे, तिकडून येणारे पुष्कळ. म्हणजे दर जितका चढा, तितकं परकीय चलन भारताला जास्त. परदेशी बसलेला मुलगा आईशी बोलायला जे मोजत होता, त्यातला एक भाग आपल्याच सरकारच्या तिजोरीत येत होता. याला सरसकट लूट म्हणणं आम्हाला पटत नाही. त्याच पैशावर देशातले स्थानिक फोन स्वस्त ठेवले जात होते. पण मुलाला हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढं खरं.

ही जकात दोन बाजूंनी मोडली. १९९७ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं आपल्या कंपन्यांना बजावलं, की अमुक मर्यादेपेक्षा जास्त वाटा परदेशी कंपन्यांना द्यायचा नाही. गरीब देशांसाठी ती मर्यादा मिनिटाला तेवीस सेंट. आणि १ एप्रिल २००२ ला विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली. त्याच दिवसापासून इंटरनेटवरून फोन करणंही भारतात कायदेशीर झालं. त्यानंतर काही वर्षांतच दर असे घसरले, की बूथवाल्यांनी शेजारी झेरॉक्सचं यंत्र ठेवलं, पुढं रिचार्ज कूपनं, आणि शेवटी फक्त झेरॉक्स राहिलं.

मधल्या काळात मोबाइल आला. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना पहिला कॉल केला. तेव्हा करणाऱ्याला पैसे आणि घेणाऱ्यालाही पैसे. म्हणून मिस्ड कॉल जन्माला आला. समोरच्यानं उचलल्याशिवाय मीटर पडत नाही, ही फट आपल्या लोकांनी बरोबर हेरली. एक रिंग म्हणजे सुखरूप पोचलो. दोन म्हणजे पैसे पाठवले. तीन वाजल्या तर तू लाव. घरोघरी वेगळा कोड. व्यापाऱ्यांचा छापील संकेतकोश आणि आमच्या मावशीचा रिंगांचा कोड, यांत तत्त्वाचा फरक काहीच नाही. मावशीचा फुकट होता, इतकंच.

मे २००३ पासून भारतात येणारे कॉल फुकट झाले. करणारा भरेल. आणि इथंच आजच्या परदेश प्रवासातली पहिली ठेच आहे. इथल्या सवयीनं माणूस तिकडं फोन उचलतो आणि बिल येतं. का येतं? पापडीहून तुमचा भाऊ तुमचा नेहमीचाच नंबर लावतो. तुम्ही मस्कतला आहात हे त्याला माहीत असायचं कारण नाही, म्हणून त्याला इथलाच दर लागतो. पण कॉल तर भारतातून मस्कतला न्यायचा आहे. तो पुढचा तुकडा तुमच्या नावावर. शिवाय तिथल्या कंपनीनं तुमच्या कंपनीकडून किती घ्यायचं हे दोघींनी आपसात ठरवलेलं असतं, तुम्हाला न विचारता. पूर्वी सरकारं बसायची त्या वेशीवर आता दोन कंपन्या बसल्या आहेत. युरोपीय संघातल्या देशांनी १५ जून २०१७ पासून आपसातला हा जास्तीचा आकार काढूनच टाकला. तंत्र तेच होतं, फक्त सरकारांनी ठरवलं. पुढं ब्रिटन संघातून बाहेर पडलं आणि तिथल्या काही कंपन्यांनी तो आकार परत सुरू केला. यावरून काय ते समजा.

मग आपण काय करायचं? आमच्याकडं मुलांचे फोन येतात, ‘सर, निघतोय, काय करू?’ त्यांना जे सांगतो तेच इथं सांगतो.

थोड्या दिवसांसाठी जाणार असाल तर निघण्याआधी घरी बसूनच आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि भारतीय सिमवरचं डेटा रोमिंग बंद ठेवा. हे दोन वेगळे खटके आहेत, लोक तिथंच फसतात. पहिल्यामुळं तुमचा नंबर तिकडं जिवंत राहतो आणि बँकेचे निरोप येतात. येणाऱ्या एसएमएसला बहुतेक योजनांत पैसे पडत नाहीत, तरी आपल्या कंपनीला विचारून घ्या. दुसरा खटका चालू राहिला तर फोन खिशात असतानाच फोटो साठवतो, ॲपं ताजी करतो, आणि पॅक घेतलेला नसेल तर ते सगळं मोजलं जातं. इंटरनेटसाठी तिथलं सिम घ्या, किंवा फोनमध्ये सोय असेल तर ई-सिम. दोन-चार दिवसांचंच काम असेल तर कंपनीचा पॅक परवडतो, उगाच चार दुकानं फिरू नका. पॅक कुठल्या देशांना लागू आहे ते मात्र नीट वाचा. वाटेत ज्या विमानतळावर थांबणार, तो देश यादीत असतोच असं नाही. आणि सिम बदललं म्हणून व्हॉट्सॲपचा नंबर बदलायची गरज नाही. फोन विचारेल, तुम्ही नाही म्हणा.

व्हॉट्सॲपचं नाव निघालं म्हणून. २०१५ मध्ये त्यावरून बोलता यायला लागलं, आणि जकात संपली असं सगळ्यांना वाटलं. पण संयुक्त अरब अमिरातीत हे कॉल आजही लागत नाहीत. तिथं परवाना असलेली मोजकीच ॲपं चालतात. सौदी अरेबियानं २०१७ मध्ये बंदी उठवली, अमिरातीनं नाही. काही मुलं व्हीपीएन लावून बोलतात. त्यांना आमचं कळकळीचं सांगणं आहे, हे करू नका. व्हीपीएनचा गैरवापर तिथं गुन्हा आहे आणि २०१६ पासून त्याला पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड आहे. एका वाचवलेल्या कॉलसाठी जन्माची कमाई पणाला लावू नये. लिहिलेलं आणि आवाजात भरून पाठवलेला निरोप मात्र तिथं सुरळीत जातो. म्हणून आमची एक पुतणी दुबईहून आईला रोज दहा मिनिटांचा निरोप बोलून पाठवते. आई तो भाजी निवडत ऐकते. कॅसेटचाच प्रकार, बॅगेची गरज नाही एवढंच.

कायमचे किंवा काही वर्षांसाठी गेलेल्यांची अडचण निराळी आहे, आणि आमच्या मते आज तीच मोठी आहे. बोलणं जवळपास फुकट झालं, पण नंबर महाग झाला. बँक, आधार, पेन्शन, जमिनीचे कागद, सगळं त्या दहा आकड्यांना बांधलेलं. ओटीपी त्याच्यावरच येणार. नव्वद दिवस सिम वापरलंच नाही, शिल्लकही नाही, तर नंबर जातो आणि कालांतरानं दुसऱ्याला मिळतो. मग तुमच्या खात्याचा निरोप कुणा तिसऱ्याच्या फोनवर. कुवेतहून पाच वर्षांनी आलेल्या एका गृहस्थांना बापाच्या खात्यातले पैसे काढायला आठ महिने लागले, निव्वळ या कारणानं. तेव्हा घरातल्या एकाकडे हे काम नेमून द्या, दर महिन्याला आठवणीनं रिचार्ज मारायचं. जुन्या काळी पेटीची किल्ली कुणाकडे असायची, तसं. बँकेत अनिवासी खातं असेल तर परदेशी नंबर नोंदवून टाका. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय भुगतान निगमनं दहा देशांतल्या नंबरांवर यूपीआयला परवानगी दिली, त्यांत अमिराती, सौदी, ओमान, कतार, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आहेत. कुवेत त्या यादीत नव्हतं, हे कुवेतवाल्यांनी लक्षात घ्यावं.

शेवटचं, जहाजवाल्यांसाठी. काकांच्या वेळी मुंबई किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रामार्फत जहाजाशी बोलता येई, पण ते जहाजाच्या कामापुरतं. खलाशाच्या आईसाठी नव्हे. ऐंशीच्या दशकात उपग्रह फोन आला, त्याचा दर ऐकूनच माणसं परत फिरत. महासाथीच्या काळात कितीतरी खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले, तेव्हा या प्रश्नाकडे जगाचं लक्ष गेलं. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून ती लागू आहे. खलाशांना घरच्यांशी संपर्काची सोय जहाजावर द्यायची, आणि आकार घ्यायचाच झाला तर तो वाजवी असावा, असं त्यात आहे. हा करार भारतानं २०१५ मध्येच मान्य केलेला आहे. तेव्हा करारपत्रावर सही करण्याआधी मुलांनी एजंटाला सरळ विचारावं, इंटरनेट किती, कुणाच्या पैशानं.

आणि एक सांगायचं राहिलं. जहाज बंदर सोडून बाहेर पडलं की काही जहाजांवर तुमचा फोन आपोआप जहाजाच्याच मोबाइल नेटवर्कला चिकटतो. ते उपग्रहावर चालतं, आणि आपले नेहमीचे रोमिंग पॅक बहुधा त्याला लागू नसतात. दोर सुटला की फोन विमान मोडवर टाकायचा आणि मग जहाजाचं वाय-फाय जोडायचं.

पाणी घेतो. तोवर कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.